ऑटिस्टिक लेकराची दाढ आणि व्हीआर हेडसेट: सेलूहून इथं येणाऱ्या एका आईचा रिव्ह्यू

रिव्ह्यू मोठा होणारे, पण ज्यांच्या घरी ऑटिझमचं लेकरू आहे त्यांनी पूर्ण वाचा. आम्ही संभाजीनगरच्या ह्या लेकरांच्या दातांच्या क्लिनिकमध्ये यायच्या आधी असं सविस्तर कुणी लिहिलंय का म्हणून मी किती शोधलं, सगळीकडं नुसतं "डॉक्टर खूप छान, स्टाफ छान" एवढंच, आणि आपल्याला पाहिजे असतं की लेकरू खुर्चीत बसलं का, बसलं तर कसं बसलं.

पोरगा अकरा वर्षांचा आहे. बोलतो पण थोडंच, आणि दुखतंय हे सांगत नाही. ताप असला तरी सांगत नाही. दाढेचं आम्हाला कळलं ते असं, की भाकरी एकाच बाजूनं चावायला लागला, मग भाकरी बंदच, फक्त वरणभात आणि चहात बुडवलेलं बिस्किट, आणि जेवण झालं की स्वतःच्या गालावर मारून घ्यायचा. घरात सगळे म्हणायले हट्टीपणा वाढलाय. त्याच्या शाळेतल्या मॅडम म्हणल्या, "ताई, ही वागणूक नाही, ह्याचं काहीतरी दुखायलंय, आधी तोंड बघा." मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर खालच्या मोठ्या दाढेला खड्डा, त्यात अन्न अडकायलेलं. ही सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी दाढ असते, ती दुधाची नसते, पडून परत येत नाही, हे पुष्कळ आईबापांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिते. आणि बोलता न येणारं लेकरू एकाएकी स्वतःला मारायला, हात चावायला लागलं, झोप उडाली, तर थेरपीचे तास वाढवायच्या आधी दात आणि कान बघून घ्या.

इथं यायच्या आधी दुसरीकडं एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही. तिथं "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून चार जणांनी हातपाय धरले आणि तोंड उघडवलं. त्या दोन मिनिटांची किंमत आम्ही पुढं कित्येक महिने मोजली, ब्रश नुसता हातात घेतला तरी पोरगा पलंगाखाली जाऊन बसायचा, पांढरा कोट घातलेला माणूस रस्त्यावर दिसला तरी माझा हात ओढायचा. आणखी एकीकडं सांगितलं की पूर्ण भूल देऊन एकदाच उरकून टाकू. पूर्ण भूल वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, ज्या लेकराच्या सात-आठ दाढा खराब आहेत त्याला तोच रस्ता लागतो आणि चांगल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ असतील तर नीट होतं. पण आमची एक दाढ खराब आणि दोन ठिकाणी बारीक सुरुवात, त्यासाठी भूल, आणि परत पुढच्या वर्षी काही निघालं तर परत भूल, हे मनाला पटत नव्हतं. खुर्चीत बसायला ते शिकलं पाहिजे, तेवढंच माझं मागणं होतं.

शेवटी थेरपी सेंटरमधल्या एका आईनं संभाजीनगरच्या ह्या क्लिनिकचं सांगितलं. इथल्या मॅडम लहान लेकरांच्याच दातांच्या डॉक्टर आहेत, म्हणजे बीडीएसच्या पुढं तीन वर्ष फक्त लेकरांच्या दातांचं शिक्षण घेऊन एमडीएस झालेल्या. हा फरक खूप पडतो, साध्या दातांच्या डॉक्टरकडं जाणं आणि बालदंततज्ज्ञांकडं जाणं ह्यात.

आता व्हीआरचं, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा डोळ्यावर बांधायचा मोठा हेडसेट असतो, आत दोन भिंगं आणि स्क्रीन, मान जिकडं फिरवाल तिकडचं चित्र दिसतं, बाहेरचं काहीच दिसत नाही. दवाखान्यात हे वापरायची कल्पना नवीन नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी १९९० च्या दशकातच भाजलेल्या पेशंटांना पट्ट्या बदलताना हेडसेटमधून वेगळंच जग दाखवायला सुरुवात केली होती. विचार सरळ आहे, दुखणं जाणवायला लक्ष लागतं, आणि ते लक्षच दुसरीकडं गुंतलं तर दुखणं कमी जाणवतं. तेव्हापासून इंजेक्शनला, रक्त काढायला, दातांच्या कामाला, सगळीकडं हे वापरून बघायलेत.

मी पण तेच धरून आले होते, की हेडसेट लावतील, पोरगा कार्टून बघत बसेल आणि तेवढ्यात दाढ भरून होईल. पहिल्याच फोनवर मॅडमनं स्पष्ट सांगितलं, "ताई, तसं होत नसतं. साध्या लेकराचं लक्ष दुसरीकडं नेलं तर चालतं. तुमच्या लेकराला काय होणारे हे आधी कळलं नाही तर भीती वाटते. डोळे झाकलेत आणि तेवढ्यात तोंडात काहीतरी घुसलं, तर तो परत कधीच डोळ्यावर काही बांधू देणार नाही." हे ऐकलं आणि मी ह्यांना म्हणलं, इथंच जायचं.

त्यांची पद्धत अशी. आधी लक्ष वळवायला हेडसेट वापरतच नाहीत. आधी तालीम. क्लिनिकचाच एक व्हिडिओ त्यांनी करून ठेवलाय, चारी बाजूंनी दिसणारा, खालच्या गेटपासून जिन्यानं वर, दार, बसायची जागा, मग आतली खोली, खुर्ची, खुर्ची हळूहळू मागं जाते ती, वरचा लाईट लागतो तो, मावशी ग्लासात पाणी ठेवतात ते, मॅडम मास्कशिवाय हसतात आणि मग मास्क लावतात ते. बोलणं फार कमी. कापणं, टोचणं काही नाही. हा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून देतात, घरी हेडसेट लागत नाही, मोबाईल हातात धरून गोल फिरलं की चित्र फिरतं.

आमच्या पोरानं हा व्हिडिओ इतक्यांदा बघितला की माझ्या सासूबाईंना पण क्लिनिकचा जिना पाठ झाला. आणि त्याचं बघणं असं, की खुर्ची, मॅडम, लाईट, कशाकडंच नीट बघायचा नाही, आतल्या खोलीत बेसिनचा एक नळ आहे, लांब दांड्याचा, कोपरानं ढकलून चालू करायचा, त्याच्यावर आलं की थांबवायचा. परत मागं घ्यायचा, परत नळ. मी मॅडमना मेसेज केला की हा फक्त नळच बघायलाय, तर त्यांचं उत्तर आलं, "मस्त, मग पहिल्या दिवशी नळच दाखवू."

आणि खरंच पहिल्या दिवशी तेच. आम्ही सेलूहून मराठवाडा एक्सप्रेसनं आलो, रेल्वे त्याची आवडीची, त्यामुळं तिथपर्यंत काही त्रास नव्हता. क्लिनिकच्या गेटपाशी मला धाकधूक, पण पोरगा माझ्या पुढं जिना चढला. दार कुठंय, वळायचं कुठं, त्याला माहीत होतं. आतल्या खोलीत गेला ते थेट बेसिनपाशी, कोपरानं दांडा ढकलला, पाणी आलं, बंद केलं, परत चालू केलं. मॅडम बाजूला स्टुलावर बसून नुसत्या बघत होत्या. दहाएक मिनिटांनी म्हणल्या, "आता खुर्ची?" तो खुर्चीत जाऊन बसला. ज्या लेकराला चार जणांनी धरलं होतं ते आपणहून बसलं. त्या दिवशी दाताला हातसुद्धा लावला नाही, खुर्ची वर-खाली केली, रिमोट त्याच्याच हातात दिला, आणि घरी.

ह्या क्लिनिकची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणून मी हेच सांगेन. लोक विचारतात हेडसेटवर गेम कोणता लावतात, आणि इथं कामाला आलं ते म्हणजे खोली आधीच दाखवणं. ऑटिझमच्या लेकराला नवीन जागा म्हणजे एका वेळी शंभर गोष्टी अंगावर येतात, वास, लाईट, आवाज, अनोळखी माणसं. त्यातल्या ऐंशी जरी आधीच ओळखीच्या झाल्या तरी उरलेल्या वीसशी ते लढू शकतं. थेरपीवाले चित्रांचा तक्ता किंवा छोटी गोष्ट करून देतात ना, आज आपण इथं जाणार, मग असं होणार, तसंच हे, फक्त इथं लेकरू त्या गोष्टीच्या आत उभं राहतं.

मग पुढच्या फेऱ्यांमध्ये खरा हेडसेट आला. इथं पण एकदम डोक्यावर नाही. आधी टेबलावर ठेवला, मग हातात, मग त्यानं स्वतः डोळ्यासमोर धरला पट्टा न बांधता, मग पट्टा. आणि सगळं सुरळीत झालं असं नाही, ते पण लिहिते. पहिल्यांदा त्यांनी जंगलाचा व्हिडिओ लावला, त्यात एकदम पक्षी कर्कश ओरडला आणि पोरानं हेडसेट काढून फेकायचंच बाकी ठेवलं. मॅडमनी लगेच आवाज बंद केला, त्या दिवशी पुढं गेल्या नाहीत, आणि मला विचारलं ह्याला काय आवडतं. रेल्वे, दुसरं काय. पुढच्या वेळी इंजिनाच्या केबिनमधून समोरचे रूळ दिसतात असा व्हिडिओ आणून ठेवलेला होता, हळू चालणारा, रूळ येताहेत, पूल येतोय, स्टेशन जातंय. पोरगा एकदम शांत. बोटं मांडीवर टकटक टकटक करत होता, हे त्याचं खुशीचं लक्षण.

एक तांत्रिक गोष्ट सांगते, कारण ह्यावरून मला कळलं की ह्यांनी नुसता शोभेला हेडसेट घेतलेला नाही. खुर्चीत आडवं झालं की हेडसेटमधलं चित्र सरळ समोर, म्हणजे पायाकडं राहतं, आणि लेकराला छताकडचं आभाळच दिसतं. मग ते चित्र बघायला मान उचलतं, आणि मान उचलली की डॉक्टरला काम करता येत नाही. इथं खुर्ची मागं केल्यावर सिस्टर सेटिंग बदलून चित्र बरोबर त्याच्या नजरेसमोर आणतात. आणि मान फिरवावी लागेल असं काहीच लावत नाहीत, गेम तर अजिबात नाही. त्याला काय दिसतंय ते बाजूच्या टॅबवर पण दिसत असतं, त्यामुळं मॅडमना कळतं की आता स्टेशन आलंय, इथं त्याचं लक्ष जास्त आहे, आता करून घेऊ.

दाताला हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी ठरलेली खूण. त्याच्या अंगठ्याच्या नखावर बोटानं तीन टिचक्या, मग ओठाला हात, मग आत. डोळ्यावर हेडसेट आहे, त्याला बाहेरचं दिसत नाही, म्हणून ही खूण. एकदाही खुणेशिवाय हात लावलेला मी बघितला नाही. आणि त्यानं डावा हात वर केला की सगळं थांबायचं, लगेच, अर्धवट असलं तरी. सुरुवातीला तो मुद्दाम सारखा हात वर करून बघायचा, खरंच थांबतात का. थांबायचे. मग हळूहळू वर करणं कमी झालं. सांगा, दाखवा, करा, ही लेकरांच्या दातांच्या डॉक्टरांची जुनीच रीत आहे, १९५९ पासून लिहून ठेवलेली, फक्त धीर धरून ती पाळणारे कमी.

दाढेचं काम पण समजून घेण्यासारखं होतं. दोन ठिकाणी बारीक सुरुवात होती तिथं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध नुसतं ब्रशनं लावलं, मशीन नाही, सुई नाही. त्यानं बहुतेक वेळा कीड थांबते, पण कीड लागलेली जागा कायमची काळी पडते, हे मॅडमनं आधी फोटो दाखवून सांगितलं आणि मग सही घेतली. मागच्या दाढा आहेत, काळ्या दिसल्या तर दिसू दे. मोठ्या खड्ड्याचं आधी एक्सरे काढून बघितलं, नसेपर्यंत गेलेलं नव्हतं, मग बरीचशी कीड हाताच्या बारीक अवजारानं खरवडून काढली आणि सिमेंट भरलं. ते एअरोटरचं मशीन, जे सुईंऽऽ करतं, ते अगदी थोडा वेळ लागलं, तेवढ्यापुरतं कानावर वेगळे हेडफोन लावले, कारण हेडसेटचे स्वतःचे स्पीकर उघडे असतात, त्यानं बाहेरचा आवाज अडत नाही. हे पण लक्षात ठेवा, कुणी म्हणलं की आमच्याकडं व्हीआर आहे तर विचारा मशीनच्या आवाजाचं काय करता.

पोरगा मशीनच्या वेळी घाबरलाच नाही असं नाही. अंग ताठ झालं, माझा हात घट्ट धरला. पण हेडसेट काढला नाही, ओरडला नाही, आणि हात वर केल्यावर मशीन थांबलं तेव्हा स्वतःच परत तोंड उघडलं. मला तिथंच रडू आलं, सिस्टरनं गुपचूप पाणी आणून दिलं.

आता हेडसेट कुणाला चालत नाही ते. माझ्यासमोर बसायच्या जागेत एक छोटी पोरगी होती, तिला डोक्याला काही लागलेलंच सहन होत नाही, टोपी नाही, क्लिप नाही. तिला हेडसेट म्हणजे शिक्षाच. मॅडमनी तिला दिलाच नाही, तिच्यासाठी छतावर हळूहळू हलणारे रंग दाखवायचं छोटं प्रोजेक्टर आहे ते लावलं, खोलीतला मोठा लाईट बंद, आणि छातीवर जड एप्रन, एक्सरे काढताना घालतात तसं, वजनानं बऱ्याच लेकरांना बरं वाटतं. ह्यावर चांगला अभ्यास झालेला आहे, लॉस एंजेलिसच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये ६ ते १२ वयाच्या २२० ऑटिस्टिक लेकरांवर, २०२३ मध्ये छापून आलाय, मंद लाईट, छतावर हलकी चित्रं, शांत संगीत आणि अंगाभोवती घट्ट लपेटणं, एवढ्यावर दात साफ करताना लेकरांचा ताण साध्या खोलीपेक्षा स्पष्ट कमी निघाला. त्यात हेडसेट नव्हताच. म्हणजे महागडं यंत्र नसलं तरी खोलीचा लाईट कमी करणं कुठल्याही डॉक्टरला जमतं, बटन बंद करायचं.

हेडसेटच्या बाबतीत ह्या गोष्टी बघाच. वजन साधारण अर्धा किलो असतं, त्यातलं बरंच नाकाच्या हाडावर आणि गालावर येतं, बारीक तोंडाच्या लेकराला जड होतं. वरच्या समोरच्या दातांचं काम असेल तर हेडसेट डॉक्टरच्या हाताला आडवा येतो, मागच्या दाढांना चालतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आतून घाम येऊन भिंगावर वाफ धरते, एसी नसेल तर नकोच. मेटा, म्हणजे फेसबुकवाली कंपनी, तिच्या हेडसेटला कंपनीनंच कमीत कमी वय १० सांगितलेलं आहे, आधी १३ होतं, त्यामुळं चार-पाच वर्षांच्या लेकराला कुणी सरसकट लावायलं तर प्रश्न विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फिट्स. ऑटिझमच्या लेकरांमध्ये फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि हेडसेटच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असतं की फिट्स येणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नका. इथं पहिल्याच फॉर्मवर फिट्सचं विचारलंय आणि आमच्या न्यूरोच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, हे मला फार आवडलं. चिठ्ठी नाही तर हेडसेट नाही.

स्वच्छता पण चांगली. प्रत्येक लेकरासाठी तोंडाला टेकणाऱ्या भागावर नवीन कागदी कव्हर, वापरून झालं की पुसून ठेवतात. ग्लोव्हज रबराच्या वासाचे नसतात, आणि दात घासायची पेस्ट पुदिन्याची नको म्हणलं तर बिनवासाची ठेवतात, आमच्या पोराला पुदिना म्हणजे तिखट मिरची.

आता नाराजीच्या गोष्टी. एक, बसायच्या जागेत टीव्ही लावलेला असतो आणि बातम्या मोठ्या आवाजात. आत इतकं सगळं विचार करून केलंय आणि बाहेर बातम्यांचा आरडाओरडा, हे पटत नाही. सांगितलं की बंद करतात, पण दर वेळी सांगावं लागतं. दोन, हेडसेट एकच आहे. एकदा आमच्या आधीच्या पेशंटला जास्त वेळ लागला आणि आमच्या वेळेला त्याची बॅटरी संपलेली, चार्जिंगला लावून बसायला लागलं, आणि आपल्या लेकरांना "थोडं थांब" हे किती जड जातं ते सगळ्यांना माहीत आहे. अशा क्लिनिकनं दुसरा हेडसेट ठेवलाच पाहिजे किंवा दोन पेशंटच्या मधी तेवढा वेळ सोडला पाहिजे. तीन, लिफ्ट नाही, व्हीलचेअरवालं लेकरू असेल तर उचलून न्यावं लागतं, त्यांनी जाग्याचा विचार करावा ही मनापासून विनंती. आणि व्हिडिओमध्ये रिसेप्शनवर ज्या ताई दिसतात त्या आता तिथं नाहीत, नवीन आहेत, पोरगा त्यांना बघून थबकला. व्हिडिओ ताजा ठेवा, ह्या लेकरांसाठी तो नकाशा आहे.

खर्चाचं. हेडसेटचे वेगळे पैसे लावत नाहीत. पण फेऱ्या जास्त होतात, आणि बाहेरगावच्यांना गाडीभाडं, एकाची रजा, दिवसभराचं जेवण असं धरलं तर तो खर्च दाढेपेक्षा मोठा. सवयीच्या ज्या फेऱ्या असतात, दाताला हात न लावता, त्याची फी मॅडम फार कमी घेतात. ज्यांच्याकडं दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड आहे त्यांनी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना बघा, ऑटिझम त्यात बसतो, १ लाखापर्यंतचं कव्हर असतं, बिलं आणि चिठ्ठ्या जपून ठेवा. अजून कार्डच काढलं नसेल तर काढा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव स्वतंत्र आहे. ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांच्यासाठी संभाजीनगरच्या घाटीच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं लेकरांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. गर्दी असते, पण शिकलेली माणसं आहेत, आणि मी इथं जे लिहिलंय त्यातलं निम्मं तुम्ही स्वतः तिथंही करू शकता.

ते कसं, सांगते. आधी एकट्यानं जाऊन परवानगी घ्या आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा, गेटपासून खुर्चीपर्यंत, सावकाश, तुमच्या लेकराच्या डोळ्याच्या उंचीवरून. घरी तो रोज दाखवा, जबरदस्ती नाही, त्याला जे आवडतं तिथं थांबू द्या. घरात पलंगावर उताणं झोपवून टॉर्च तोंडात दाखवायचा खेळ करा. इलेक्ट्रिक ब्रशचा आवाज लांबून ऐकवत जवळ आणा, मशीनच्या आवाजाची तेवढीच सवय. नखावर टिचक्यांची खूण घरीच ब्रश करताना सुरू करा आणि डॉक्टरला सांगा की हीच वापरा. आमच्या घरात आता रात्रीचा ब्रश ह्याच खुणेवर होतो, आणि वर तो स्वतःच माझ्या नखावर टिचक्या मारून माझे दात घासायला येतो.

आणि डॉक्टर कुठलेही असू देत, फोनवरच विचारून घ्या. पहिल्या भेटीत काही न करता नुसतं येऊ द्याल का. लेकरानं हात वर केला तर थांबाल का. आई शेजारी उभी राहिली तर चालेल का. ह्यापैकी एकालाही "बघू, आल्यावर बघू" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा, मग त्यांच्याकडं दहा हेडसेट असले तरी.

पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार त्या टीव्हीचा आणि बॅटरीचा कापला. दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचं ठरलंय, आणि मी आणणारच आहे.

नवीन येणाऱ्यांनी सकाळची पहिली वेळ मागा, संध्याकाळी गर्दी असते. फोन करताना सुरुवातीलाच ऑटिझम सांगा, म्हणजे व्हिडिओची लिंक त्याच दिवशी येते. कमीत कमी पंधरा दिवस ती घरी चालू द्या आणि मगच वेळ घ्या. रेल्वेनं येणाऱ्यांनी परतीच्या गाडीच्या आधी भरपूर वेळ ठेवा, ह्या खोलीत घाई केलेली चालत नाही. हेडसेटवर काय लावायचं ते पण आधीच कळवा, रेल्वेचा व्हिडिओ तर त्यांच्याकडं आता आहेच, तुमच्या लेकराला जेसीबी, पंखे, लिफ्ट, काय आवडत असेल ते सांगा, मॅडम शोधून ठेवतात.